एक घर, दोन राउटर: साखर पेठेतल्या एका जोडणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या साखर पेठेतलं हे घर दोन काळांत बांधलेलं आहे. तळमजला जुना, काळ्या दगडाच्या पावणेदोन फुटी भिंतींचा. वरचं माळवद काढून तिथे स्लॅब पडला आणि त्यावर विटांचा मजला चढला. खाली रस्त्याच्या अंगाला ऑफिसची खोली, तिच्यामागे पत्र्याच्या छपराखाली सहा मागांचा टॉवेलचा कारखाना. वर राहतं घर: पुढे दिवाणखाना, मधे स्वयंपाकघर आणि बोळ, मागे दोन खोल्या. गच्चीवर आणखी एक खोली.

इंटरनेटचं कनेक्शन फायबरचं, १०० एमबीपीएसचं. तार रस्त्यावरच्या खांबावरून आली, म्हणून कंपनीच्या माणसाने यंत्र, म्हणजे राउटर, ऑफिसातच बसवलं. घरातले सगळे त्याला ‘वायफायचा डबा’ म्हणतात. हा एकच डबा तीन कामं करतो, हे पुढचं सगळं समजायला आधी लक्षात घ्यायला हवं. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या संदेशात रूपांतर करतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटून सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटवर नेतो. आणि वायफाय पसरवतो. या घरात पहिली दोन कामं उत्तम चालली होती. अडलं होतं ते फक्त तिसरं.

डब्याला मागे चार लॅन पोर्ट, म्हणजे घरातली यंत्रं केबलने जोडायच्या खाचा. एकात ऑफिसचा संगणक, दुसऱ्यात सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), दोन रिकामे. प्रिंटर ऑफिसात, पण वायफायवर.

अडचण

घरातली सून पुण्यातल्या एका कंपनीचं काम मागच्या खोलीत बसून करते. व्हिडिओ मीटिंग दर दहा-पंधरा मिनिटांनी अडकायची. शिवाय कारखान्याचे हिशेब तीच पाहते. ई-वे बिल आणि चलन वरून तयार करायचं आणि प्रिंट खाली ऑफिसात काढायची, असा रोजचा क्रम. जिन्यातून “मामा, प्रिंट निघाली का?” ही हाक दिवसातून चार-पाच वेळा जायची आणि बहुतेक वेळा उत्तर “न्हाई की” असं यायचं.

मोबाइलवरच्या वायफाय मोजणाऱ्या ॲपने घेतलेली मापं अशी होती: ऑफिसात उणे ४० डीबीएम, वरच्या दिवाणखान्यात उणे ६८, मागच्या खोलीत उणे ८४. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. व्हिडिओ कॉल सुरळीत चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा सिग्नल हवा. उणे ८४ ला मोबाइलवर वायफायचं चिन्ह दिसतं, जोडलं गेल्याचं समाधान मिळतं, काम मात्र होत नाही. वेग ऑफिसात ९० च्या पुढे, दिवाणखान्यात १८, मागे दोन-तीन.

म्हणजे बाहेरून येणारी लाइन निर्दोष होती. दोष घराच्या पोटात होता: दगडी भिंत, लोखंडी सळयांचा स्लॅब आणि कारखान्यावरचा पत्रा. पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान असतं, पण अशा भिंतीपुढे ते २.४ गिगाहर्ट्‌झच्याही आधी मान टाकतं.

पहिली खरेदी

घरच्यांनी आधी भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा वायफाय रिपीटर आणला आणि सिग्नल जिथे नव्हता तिथेच, मागच्या खोलीत, लावला. पट्ट्या पूर्ण दिसू लागल्या, वेग तसूभर वाढला नाही. रिपीटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. त्याला ऐकू येत होतं ते उणे ८४ चं. शिवाय एकाच रेडिओवर ऐकणं आणि सांगणं दोन्ही करणाऱ्या रिपीटरमध्ये वेग जवळजवळ निम्मा होतो. तो दिवाणखान्यात हलवल्यावर मागे सात-आठ एमबीपीएस मिळू लागले. त्यावर महिनाभर भागवलं गेलं.

समोर असलेले पर्याय

मालकांचं मत सरळ होतं. “वरच्या मजल्याला येगळंच कनेक्शन घेऊन टाक की बे, कशाला डोकं लावतो,” असं त्यांनी थोरल्या मुलाला सांगितलं. हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. पण दर महिन्याला दुसरं बिल आलं असतं आणि प्रिंटर मात्र पहिल्याच कनेक्शनवर राहिला असता. म्हणजे जिन्यातली हाक तशीच.

डबाच वर हलवावा, असाही विचार झाला. त्यासाठी कंपनीला बोलावून फायबर वरपर्यंत ओढावं लागलं असतं. मग ऑफिसचा संगणक आणि डीव्हीआर यांच्यासाठी वरून खाली केबल आणावीच लागली असती. केबल टाकायचीच, तर खालून वर टाकलेली बरी.

विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर दुकानदाराने सुचवले होते. ते इथे बाद ठरले, कारण कारखान्याचं मीटर वेगळं आणि घराचं वेगळं. ऑफिस कारखान्याच्या मीटरवर होतं. दोन मीटर ओलांडून हे अडॅप्टर भरवशाने चालत नाहीत, आणि त्याच वायरवर मोटरी चालत असतील तर खरखर असतेच.

मेश संच, म्हणजे घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, महाग होता. पण खरं कारण किंमत नव्हती. बिनतारी मेशलाही दोन डब्यांच्या मधे हीच दगडी भिंत लागणार होती. मेश घेऊन तो केबलने जोडला तर उत्तम चालतो, मात्र मग निम्मं काम केबलच करते.

शेवटी उरला तो दुसरा राउटर केबलने जोडण्याचा मार्ग. जुन्या ब्रॉडबँडच्या वेळी स्वतः विकत घेतलेला एक दोन-बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्हींचा) राउटर कपाटात पडून होता. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे, म्हणजे प्रत्यक्षात मिळणार साधारण ९४. प्लॅन १०० चा असताना यात काही गमावत नव्हतं. प्लॅन २०० किंवा ३०० चा असता तर हाच राउटर गळा आवळणारा ठरला असता आणि गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, पोर्टचा नवा घ्यावा लागला असता.

आणखी एक मार्ग होता: कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून राउटरचं सगळं काम आपल्या राउटरला देणं. जाणकारांना हा आवडतो. पण त्यासाठी कंपनीने तो मोड उघडून द्यावा लागतो, कंपनीच्या जाळ्यात शिरायचं (पीपीपीओईचं) नाव-पासवर्ड आणि बहुधा लाइनवरची आपली वाट ओळखायचा (व्हीलॅनचा) क्रमांक लागतो, आणि पुढे लाइन बिघडली की कंपनीचा माणूस पहिलं बोट आपल्या राउटरकडे दाखवतो. ज्या घरात डब्याची पहिली दोन कामं ठीक चालली आहेत, तिथे ती काढून घेण्यात अर्थ नव्हता.

दोन जोडण्या, एकाच केबलच्या

दुसऱ्या राउटरला मागे बाहेरचं इंटरनेट आत घेणारा एक वॅन पोर्ट असतो, बहुधा वेगळ्या रंगाचा, आणि तीन-चार लॅन पोर्ट. डब्याच्या लॅन पोर्टातून आलेली केबल यांपैकी कुठे खोचायची, यावर सगळं ठरतं.

वॅनमध्ये खोचली तर दुसरा राउटर आपलं स्वतंत्र बिऱ्हाड मांडतो. वरच्या यंत्रांना तो स्वतःचे पत्ते देतो आणि डब्याला फक्त एकच यंत्र दिसतं, ते म्हणजे दुसरा राउटर. सगळ्यांना एकाच पत्त्यामागून बाहेर नेण्याला नॅट म्हणतात. इथे ते दोनदा होतं, म्हणून याला दुहेरी नॅट म्हणतात.

लॅनमध्ये खोचली आणि दुसऱ्याचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं, तर दुसरा राउटर नुसता वायफायचा खांब होतो. वरचे आणि खालचे सगळे एकाच बिऱ्हाडात राहतात. याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

दुहेरी नॅट ही चूक नव्हे. वर भाडेकरू असते, त्यांना इंटरनेट द्यायचं असतं पण आपला संगणक आणि कॅमेरे दिसू द्यायचे नसते, तर वॅनची जोडणी अधिक बरी ठरली असती. मात्र त्यातही वरच्याला खालच्या यंत्राचा पत्ता ठाऊक असला तर तो तिथे पोचू शकतो, एवढं ध्यानात ठेवावं. या घराची गरज उलटी होती. इथे वरच्याने खालचा प्रिंटर वापरायचा होता. नेमका हाच प्रश्न सुरुवातीला कुणी विचारला नाही.

पहिली जोडणी: इंटरनेट आलं, प्रिंटर गेला

थोरल्या मुलाने केबल वॅनमध्ये लावली. राउटरच्या खोक्यावरच्या चित्रात तसंच दाखवलेलं असतं. मागच्या खोलीत ९० च्या आसपास वेग आला आणि मीटिंगा सुरळीत झाल्या. पण पूर्वी अडखळत का होईना निघणारी प्रिंट आता निघेचना. लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’.

कारण असं. डब्याचं जाळं १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं, वरच्या राउटरचं १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचं. लॅपटॉप प्रिंटर शोधताना आपल्या जाळ्यात हाळी देतो आणि ही हाळी राउटर ओलांडत नाही. गंमत म्हणजे प्रिंटरचा पत्ता हाताने टाकला असता तर वरून खाली प्रिंट गेली असती, कारण आतल्या जाळ्यातून बाहेरच्या जाळ्यात जायला नॅट अडवत नाही. खालून वर मात्र काहीच पोचलं नसतं. ही पळवाट मोबाइलवरून प्रिंट काढणाऱ्यांना जमण्यासारखी नव्हती, शिवाय प्रिंटरचा पत्ता बदलला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दुसरी जोडणी: निम्मं घर बंद

कुणीतरी सांगितलं, केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये घाल. सल्ला बरोबर होता, पण अर्धा. डीएचसीपी, म्हणजे दुसऱ्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम, बंद करायचं राहिलं.

संध्याकाळी केबल हलवली. तासाभरात दोन मोबाइलवर ‘जोडलेलं आहे, इंटरनेट नाही’ असं आलं. उरलेले ठीक चालत होते. सकाळी ऑफिसचा संगणकही तसाच. दुसऱ्या राउटरशी त्याचा काही संबंध नाही, तो तर थेट डब्याला केबलने जोडलेला, मग त्याला काय झालं? घरच्यांनी कंपनीकडे तक्रार नोंदवली. तिकडून उत्तर आलं, लाइन चालू आहे.

आता घरात पत्ते वाटणारे दोघं झाले होते. एखादं यंत्र सुरू झालं की ते सगळ्या जाळ्यात विचारतं, मला पत्ता कोण देतं? हा प्रश्न केबलमधून दोन्ही डब्यांपर्यंत पोचतो. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतला जातो. कंपनीच्या डब्याने दिला तर बाहेरचं दार, म्हणजे गेटवे, १९२.१६८.१.१ आणि सगळं ठीक. दुसऱ्या राउटरने दिला तर गेटवे १९२.१६८.०.१, म्हणजे तो स्वतः, आणि त्याच्या वॅनला तर काहीच जोडलेलं नाही. बंद दाराकडे पाठवलेलं ते यंत्र तिथेच उभं राहतं. कुणाचं चालतं आणि कुणाचं नाही, याला काही तर्क दिसत नाही, आणि डबा बंद-चालू केल्यावर बंद असलेला मोबाइल चालू होऊन चालू असलेला बंद पडतो.

एक खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मालकांना बाहेरून मोबाइल डेटावर कॅमेरे दिसत होते. घराची लाइन बंद असती तर ते दिसलेच नसते. डीव्हीआरचा पत्ता हाताने पक्का केलेला असल्याने त्याला या गोंधळाची झळ लागली नव्हती. ही खूण त्या सकाळी वाचली असती तर कंपनीला फोन करण्याऐवजी नुकतीच हलवलेली केबल काढली गेली असती आणि पाच मिनिटांत घर पूर्ववत झालं असतं. दुसऱ्या राउटरचा मूळ पत्ताही १९२.१६८.१.१ असता तर याहून वाईट झालं असतं. एकाच पत्त्याचे दोन धनी झाले की चालणारी यंत्रंही मधेच तुटतात.

नीट केलेलं काम

दोन दिवसांनी नव्या पेठेतल्या दुकानातून एक तंत्रज्ञ आला. त्याने पहिल्यांदा दोन राउटरांमधली केबल काढली. मग दुसरा राउटर हाती न घेता डब्याचं पान उघडलं आणि डीएचसीपीची यादी पाहिली. हाच या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

डबा १९२.१६८.१.२ ते १.२५४ असे सगळे पत्ते वाटत होता. दुसऱ्या राउटरला १.२ देण्याचा रिवाज आहे आणि यादीत १.२ कुणाच्या नावावर नव्हता. तरीही त्याने ऑफिसच्या संगणकावरून त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला. उत्तर आलं. कोण आहे? डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर कॅमेरेवाल्याने तिथे १.२ हाताने टाकून ठेवला होता. डीएचसीपीच्या यादीत फक्त डब्याने वाटलेले पत्ते दिसतात, हाताने घेतलेले दिसत नाहीत. यातून एक जुनी तक्रारही उलगडली: कॅमेरे अधूनमधून आपोआप जायचे आणि आपोआप यायचे. डबा कधीमधी तोच १.२ एखाद्या मोबाइलला देत असणार. डबे वाटण्याआधी पत्ता रिकामा आहे का ते तपासतातच असं नाही.

त्याने डब्याची वाटणी १.५० ते १.२०० इतकी आखडली. डीव्हीआर १.२ वर राहिला, दुसऱ्या राउटरला १.३ ठरवला आणि प्रिंटरच्या मॅक पत्त्यावर (यंत्राच्या कायमच्या ओळख-क्रमांकावर) १.५० राखून ठेवला, म्हणजे प्रिंटरला कायम तोच मिळेल.

मग दुसरा राउटर. लॅपटॉप छोट्या केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडला, रिसेटचं बारीक बटण टाचणीने दहा सेकंद दाबलं आणि दिवे स्थिर होईपर्यंत थांबला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना अंक इंग्रजीच हवेत. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पान काही केल्या उघडत नाही, आणि हे भल्याभल्यांचं होतं. वायफायचं नाव-पासवर्ड, सुरक्षा डब्ल्यूपीए-२, चॅनल, राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड हे आधी भरलं. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय, बंद केली.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. आधी राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.३ केला. जतन करताच पान तुटलं. ते तुटणारच, कारण पत्ता बदलला. लॅपटॉपची केबल काढून परत लावली आणि नव्या पत्त्यावर पान उघडलं. मगच डीएचसीपी बंद केलं. उलट्या क्रमाने केलं तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरत नाही, राउटरचं पान उघडत नाही, आणि लॅपटॉपला हाताने पत्ता द्यायचं ठाऊक नसेल तर पुन्हा रिसेट. डीएचसीपी बंद झाल्यावर डब्याच्या लॅनमधली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टात घातली आणि वॅन पोर्टावर चिकटपट्टी लावली, पुढे कुणाचा हात तिकडे जाऊ नये म्हणून.

नव्या राउटरांत ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असतो. तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं आणि वॅन पोर्टही लॅनसारखा वापरता येतो. फक्त अशा वेळी राउटर स्वतःचा पत्ता बहुधा डब्याकडूनच घेतो, त्यामुळे पुढे त्याचं पान उघडायचं तर डब्याच्या यादीतून पत्ता शोधावा लागतो. या जुन्या राउटरात तो पर्याय नव्हता.

वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखे ठेवले, म्हणजे मोबाइल वर-खाली जाताना आपसूक बदलतो. चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये खाली १ आणि वर ११. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्यांचे बहुतेक राउटर ६ वर होते, म्हणून तो सोडला. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. पेठेत घराला घर लागून असताना ४० ठेवली तर वेग वाढण्याऐवजी कोलाहल वाढतो.

तपासणी दोन मिनिटांची. प्रत्येक मोबाइलचं वायफाय बंद करून चालू केलं, म्हणजे जुना पत्ता टाकून नवा घेतला जाईल, आणि वायफायच्या तपशिलात गेटवे १९२.१६८.१.१ आहे ना ते पाहिलं. सात यंत्रांपैकी एकावर जुनाच होता. तिथे जाळं ‘विसरा’ करून परत जोडलं. वरून प्रिंट दिली, खाली निघाली.

केबलचं दुखणं

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पंधरा दिवसांनी वरचं इंटरनेट पुन्हा अडखळू लागलं. वेग कधी ९०, कधी ८. डब्याला, म्हणजे १.१ ला, १०० वेळा पिंग केलं तर सहा-सात उत्तरं गहाळ. केबलवर एकही उत्तर गहाळ व्हायला नको असतं.

घरच्यांच्या लक्षात आलं की माग चालू असले की त्रास होतो, सुट्टीच्या दिवशी जवळजवळ होत नाही. निरीक्षण अचूक होतं. निष्कर्ष निघाला तो असा, की मोटरींच्या विजेमुळे केबलमध्ये गडबड होते, तेव्हा जाळीदार आवरणाची, शील्डेड केबल घ्यावी. ती महाग असते, आणि दोन्ही टोकांना तशाच धातूच्या जोडण्या व नीट अर्थिंग नसेल तर तिच्या आवरणाचा उपयोग होत नाही.

तंत्रज्ञाने कारखाना बंद असतानाच एक साधी गोष्ट केली. वरच्या राउटरजवळचा प्लग दोन बोटांत धरून हलवला. दिवा गेला, आला, गेला. एकही माग चालू नव्हता. मग राउटर उचलून ऑफिसात आणला आणि मीटरभराच्या तयार केबलने डब्याला जोडला: १०० पैकी १०० उत्तरं, वेग ९४. राउटर ठीक, डबा ठीक. दोष मधल्या केबलमध्ये.

ती केबल कॅमेरेवाल्याकडून उरलेली होती. वरचं आवरण सोलून तार सुरीने खरवडली तर आत चांदीसारखा रंग: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात सीसीए म्हणतात ती. हिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि वाकवल्या-हलवल्याने ती लवकर चिरते. केबल कारखान्याच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली होती. माग चालले की भिंत थरथरते, भिंतीबरोबर केबल, आणि प्लगच्या तोंडाशी चिरलेली तार सुटायची-लागायची. दोष मागांचाच होता, पण विजेचा नव्हे, हादऱ्यांचा. शील्डेड केबल आणली असती तरी त्रास थांबला असता, कारण तार नवी आली असती, आणि घरभर समजूत पक्की झाली असती की आवरणामुळे थांबला.

नवी केबल शुद्ध तांब्याची कॅट-६, २५ मीटर, मीटरला २०–३० रुपयांच्या दरातली. ती कारखान्यातून न नेता ऑफिसातून जिन्याच्या कडेने पीव्हीसी केसिंगमधून वर नेली. विजेच्या वायरपासून जमेल तिथे फूटभर लांब, आणि वायर ओलांडावी लागली तिथे काटकोनात. दगडी भिंतीला ८ मिलिमीटरचं भोक पुरलं, कारण केबलची जाडी साधारण ६. प्लग जवळपास १२ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून केबल आधी ओवायची आणि प्लग नंतर बसवायचा. तयार प्लगची केबल आणणाऱ्याला दगडात दुप्पट भोक पाडावं लागतं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला यातल्या पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी अशा चारच तारा लागतात. म्हणून काही जण उरलेल्या चार सोडून देतात. पुढे गिगाबिट राउटर आला की आठही लागतात आणि तेव्हा जोडणी १०० वरच का अडली याचा शोध घेत बसावं लागतं. इथे आठही जोडल्या आणि टेस्टरवर आठही दिवे ओळीने पाहिले. दोन्ही टोकांना फूटभर केबल सैल ठेवली.

निष्पत्ती

वरचा राउटर मागच्या खोलीत न ठेवता बोळात, सहा फूट उंचीवर लावला. तिथून मागच्या दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर सापडतं. मागच्या खोलीत उणे ५२ डीबीएम, वेग ८८ ते ९४. प्रिंट वरून निघते, मोबाइलवरूनही. कॅमेरे त्यानंतर गेलेले नाहीत.

वीज गेली की वरचं इंटरनेट जायचं, कारण इन्व्हर्टरवर फक्त ऑफिसचा डबा होता. एक चालू आणि एक बंद म्हणजे वरच्यांसाठी दोन्ही बंद. वरच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवले, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

एक गोष्ट सुटलेली नाही. जिन्यातून चालताना व्हॉट्सॲप कॉल क्षणभर तुटतो. राउटर केव्हा बदलायचा हे मोबाइल स्वतः ठरवतो आणि तो जुन्याला चिकटून राहतो. डब्याची २.४ ची ताकद ‘मध्यम’ केल्यावर फरक पडला, पूर्ण गेलं नाही. या दोन राउटरांत मोबाइलला न तुटता एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय नाही. ती हवी तर केबलवर चालणारा मेश संच घ्यावा लागेल, आणि केबल आता टाकलेलीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

रिपीटर आणण्याआधी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरून डीबीएमची मापं घेतली असती तर तो आणलाच नसता. कपाटात राउटर असताना झालेला तो खर्च वाया गेला.

जोडणीचा प्रकार निवडण्याआधी एकच प्रश्न पुरेसा होता: वरच्या कुठल्या यंत्राला खालचं कुठलं यंत्र लागतं? उत्तरात प्रिंटर आला असता आणि वॅनची जोडणी तिथेच बाद झाली असती.

सगळ्यात महाग पडली ती फुकट मिळालेली केबल. राउटर खोलून बदलता येतो, दगडी भिंतीतून ओवलेली केबल पुन्हा ओवताना गवंड्याची मजुरी लागते. खर्चाचा हात राउटरवर आखडला तरी चालतो, केबलवर नाही.

तंत्रज्ञाकडूनही एक राहिलं. पहिल्या भेटीत त्याने सेटिंग निर्दोष केल्या, पण केबल पाहिली नाही. वेग ९० आला म्हणून ती चांगली असं गृहीत धरलं. माग चालू असताना १०० वेळा पिंग केलं असतं तर पंधरा दिवस आणि एक फेरी वाचली असती.

दोन्ही राउटरांच्या पाठीवर आता कागद चिकटवला आहे: पत्ता, ॲडमिन पासवर्ड कुठल्या वहीत आहे, आणि वरच्या राउटरवर ‘डीएचसीपी बंद, केबल लॅनमध्येच’. गच्चीवरच्या खोलीसाठी १.४ हा पत्ता राखून ठेवला आहे आणि वरच्या राउटरचा एक लॅन पोर्ट मोकळा आहे. तिथली केबल उन्हात राहणार, तेव्हा ती बाहेर वापरायची काळ्या पॉलिथिन आवरणाचीच घ्यायची. घरातली करडी केबल सोलापूरच्या उन्हात फार दिवस टिकत नाही.